जिमी यान्सी : कुठल्याही पट्टीत सुरू करा, संपणार काळी दोनवरच

साउथसाइड

बूगी-वूगीचा पियानोवादक पाइनटॉप स्मिथ याच्या धाग्यावर यान्सीचं नाव चार वेळा आलं आणि चारही वेळा "त्याचा वेगळा धागा काढा" म्हणून विषय पुढे ढकलला गेला. हा घ्या धागा.

जिमी यान्सी हाही बूगी-वूगी आणि ब्लूजचा पियानोवादक. शिकागोचा, तेही साउथ साइडचा. बाप रंगमंचावरचा गायक आणि गिटारवाला. त्यामुळे पोरगं सहाव्या वर्षापासून व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या फिरत्या कार्यक्रमांत गात आणि टॅप नाचत होतं. अमेरिका पालथी घातली, पहिल्या महायुद्धाआधी युरोपही झाला. लंडनला राजे पाचवे जॉर्ज यांच्यासमोर नाचल्याची गोष्ट प्रत्येक चरित्रात असते. लक्षात घ्या, हे सगळं नाचणारा म्हणून. पियानोवादक म्हणून नाही. पियानोला त्याने हात घातला तो फिरती सोडून शिकागोत स्थिर झाल्यावर, १९१५ च्या आसपास. मोठा भाऊ अलोन्झो रॅगटाइम ही जुनी पियानोशैली वाजवायचा, त्याचं बघून आणि बाकी स्वतःच्या कानाने. म्हणजे स्वयंशिक्षितच. त्याच काळात तो शिकागो ऑल-अमेरिकन्स या कृष्णवर्णीय संघाकडून बेसबॉलही खेळला.

१९२५ मध्ये त्याला व्हाइट सॉक्स संघाच्या कोमिस्की पार्कवर ग्राउंड्समनची नोकरी लागली. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर रोलर फिरवतात, गवत कापतात, पाऊस आला की कव्हर घालतात, तसलं काम. ते त्याने १९५० पर्यंत केलं. मधल्या काळात बूगी-वूगीची देशभर लाट आली, त्याचं ऐकून शिकलेले दोघे, अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुईस, न्यूयॉर्कला जाऊन नाव कमावून बसले, आणि हा मैदानावरच. पहिली रेकॉर्ड थेट १९३९ ची. शेवटची १९५१ च्या जुलैमध्ये, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तो गेला. मधुमेह होता.

माझं म्हणणं एवढंच : बूगी शिकायला लोक अल्बर्ट अ‍ॅमन्स किंवा मीड लक्स लुईसपासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या दिवशी मनगट धरून बसतात. सुरुवात यान्सीपासून करायला हवी. संथ, सूर कमी, आणि डाव्या हाताला श्वास घ्यायला जागा.

नवशिका_६१

छान ओळख. प्राथमिक शंका : बूगी-वूगी आणि ब्लूज यांत नेमका फरक काय? आपल्याकडे हा शब्द टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमामुळेच माहीत.

डावरा

ब्लूज हा साचा आहे, बूगी-वूगी ही तो साचा पियानोवर वाजवायची एक पद्धत. डावा हात एक छोटी आकृती सतत फिरवत ठेवतो, उजवा त्यावर बोलतो.

साचा १२ बारचा. इथे "बार" म्हणजे मात्रा नव्हे, ४ मात्रांचा एक विभाग. १२ बार म्हणजे ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं समजा, हिशेब चोख बसतो :

पहिलं आवर्तन – चारही विभाग सा.
दुसरं – दोन विभाग म, दोन विभाग सा.
तिसरं – एक विभाग प, एक म, शेवटचे दोन सा.

सा, म, प म्हणजे त्या-त्या स्वरावर उभा असलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर), आणि प्रत्येकात त्याचा स्वतःचा कोमल नी मिसळलेला. पांढरी एकमध्ये वाजवत असाल तर सी, एफ, जी. गायक असेल तर प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या अर्ध्यात ओळ गातो, उरलेल्यात पियानो उत्तर देतो. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी वेगळी.

सगळंच १२ बारचं नसतं हेही सांगून ठेवतो. यान्सी वाजवायचा ते "हाऊ लाँग ब्लूज" ८ बारचं आहे. १२ मोजत बसलात तर दुसऱ्याच फेरीत हरवाल.

पेटीकर

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे पेटीवर होणार नाही. डावा हात भात्यावर अडकलेला असतो, आणि बूगीचा सगळा जीव डाव्या हातात. पायपेटी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, पण पट्टी जोरात मारली की सूर मोठा आणि हलकी मारली की लहान हे पेटीत नाही. आघाताशिवाय बूगी म्हणजे फोडणीशिवाय आमटी. पियानो किंवा आघात ओळखणारा कीबोर्डच हवा.

उलट पेटीवाल्यांना एक फायदाही आहे. कुठल्याही पट्टीत बोटं जातात, आणि "काळी दोन" म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. यान्सीच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे, पण ते साउथसाइड सांगतीलच, शीर्षकात उगाच लिहिलेलं नाही.

साउथसाइड

सांगतो. यान्सीची सही म्हणजे त्याचा शेवट. वादन सी मध्ये असो, एफ मध्ये असो, जी मध्ये असो, शेवट ई फ्लॅटमध्ये. आपल्या भाषेत काळी दोन, सप्तकातली दुसरी काळी पट्टी. वादनाची पट्टी कुठलीही असो, शेवटच्या क्षणी दार उघडून शेजारच्या घरात जाऊन बसतो.

ऐकताना पहिल्यांदा चूक वाटते. तशी नाही. जवळपास प्रत्येक रेकॉर्डवर, शांतपणे, ठरवून केलेलं आहे.

शेलॅक७८

"स्वयंशिक्षित" या शब्दावर थोडं थांबतो. भावाकडून पाहिलं, मग स्वयंशिक्षित कसा? माझ्या मते शब्द बरोबर आहे, पण त्याचा अर्थ "एकटा" असा घेऊ नये. १९१० ते १९३० मध्ये दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक शिकागोत आले. घरं कमी, वस्तीवर अघोषित कुंपण, त्यामुळे भाडी जबर. महिना संपताना घरातच पार्टी ठेवायची, येणाऱ्याकडून थोडे सेंट घ्यायचे, खायला-प्यायला विकायचं, आणि कोपऱ्यातल्या उभ्या पियानोवर कोणीतरी पहाटेपर्यंत वाजवायचं. जमलेल्या पैशांतून भाडं. या पार्ट्यांना "रेंट पार्टी" म्हणत, "स्किफल" असाही शब्द होता. तीस वर्षांनी इंग्लंडमधल्या पोरांनी गिटार आणि वॉशबोर्डच्या संगीताला तोच शब्द लावला.

यान्सी या पार्ट्यांचा वादक. तिथे कोणी शिकवत नव्हतं, पण पियानोच्या बाजूला उभं राहून सगळे सगळ्यांचं उचलत होते. "द फाइव्ह्ज" नावाची चीज जॉर्ज आणि हर्सल थॉमस या भावांची. हर्सल १९२६ मध्ये विशीच्या आत गेला. पण त्या चिजेतली डाव्या हाताची चाल अ‍ॅमन्सने उचलली, लुईसने उचलली, आणि यान्सीने १९३९ मध्ये स्वतःच्या पद्धतीने रेकॉर्ड केली.

अ‍ॅमन्स आणि लुईस दोघेही विशीत शिकागोत टॅक्सी चालवत. काही काळ ते दोघे आणि पाइनटॉप स्मिथ एकाच इमारतीत राहत. पाइनटॉपने "पाइनटॉप्स बूगी वूगी" २९ डिसेंबर १९२८ ला रेकॉर्ड केलं आणि अडीच महिन्यांनी, १५ मार्च १९२९ ला, एका नाचाच्या हॉलमध्ये गोळी लागून मेला. या सगळ्यांत वयाने मोठा यान्सी. तरुण मंडळी ऐकायला त्याच्याकडे जायची.

डावरा

आता डाव्या हाताकडे येतो, कारण खरा माल तिथे आहे.

बूगीबद्दल "एका बारमध्ये आठ" हे वाक्य सगळीकडे सापडेल. म्हणजे प्रत्येक मात्रेचे दोन भाग, चार मात्रांत आठ ठोके, न थांबता. अ‍ॅमन्स, पीट जॉन्सन, लुईस यांच्याकडे ते खरं आहे. यान्सीकडे बऱ्याच वेळा ते खरं नाही. त्याचे बरेच बास, म्हणजे डाव्या हाताच्या खालच्या सुरांच्या आकृत्या, हबानेराच्या अंगाचे आहेत. क्यूबाकडून न्यू ऑर्लिन्समार्गे अमेरिकी संगीतात मुरलेली ती लय. आठ अर्धमात्रा घ्या आणि ३+३+२ असे गट पाडा :

एक दोन तीन एक दोन तीन एक दोन

प्रत्येक "एक"वरच ठोका, बाकी गप्प. आठ जागांतल्या पाच रिकाम्या. त्या रिकाम्या जागांमुळेच त्याचा डावा हात हलका वाटतो.

सरावाचा साचा (हे कुठल्याही एका रेकॉर्डचं स्वरलेखन नाही, बोटं बसवायला आहे) : पांढरी एकमध्ये खालचा सा करंगळीने पहिल्या जागी, प तर्जनीने चौथ्या जागी, ध अंगठ्याने सातव्या जागी. कॉर्ड म वर गेला की हात तसाच उचलून म पासून : एफ, सी, डी. प वर : जी, डी, ई. हाताचा आकार तोच राहतो.

दुसरा प्रकार : जागा १, ४, ५ आणि ७. चार ठोके. हा पूर्ण हबानेरा. पहिला बसल्याशिवाय याला हात लावू नका.

काय चुकतं : तिसरा ठोका लवकर पडतो आणि ३+३+२ चं ३+२+३ होतं. कारण सोपं आहे. चौथ्या जागेचा ठोका मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधे आहे, आणि तो वाजल्याबरोबर हाताला "सुटलो" असं वाटून पुढचा लगेच पडतो. उपाय : पायाने चार मात्रा धरा, आणि चौथ्या मात्रेवर पाय आणि अंगठा एकत्र पडतात का एवढंच बघा. ते जुळलं की मधलं आपोआप जागेवर येतं.

नवशिका_६१

डावा एकटा चालतो. उजवा आला की डावा थांबतो किंवा उजव्याच्या मागे धावतो. काय करावं?

डावरा

सगळ्यांचंच होतं. डाव्या हाताचं वाजवणं अजून विचार करून चाललेलं आहे, सवयीने नाही, म्हणून. क्रम असा ठेवा :

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर. फक्त डावा, पूर्ण १२ बार, दहा फेऱ्या, न थांबता. चुकलात तरी थांबायचं नाही, पुढच्या बारला पकडायचं. दहाव्या फेरीपर्यंत कोणाशी तरी बोलता आलं पाहिजे. "दूध आणलंस का?" ला उत्तर देताना लय हलली तर अजून दहा फेऱ्या.

मग उजव्या हाताने पियानोवर नाही, मांडीवर चार मात्रा थापायच्या. मग फक्त २ आणि ४. मग सगळ्या मात्रांच्या मधल्या जागा. हे होईपर्यंत उजव्याला पट्ट्यांवर येऊ देऊ नका.

त्यानंतर उजव्याला एकच स्वर, वरचा सा, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला. मग तोच स्वर दुसऱ्या मात्रेला, मग "तीन आणि" वर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मात्रेच्या मधे. एक स्वर तीन ठिकाणी नीट टाकता आला म्हणजे हात सुटे झाले. मगच दोन-तीन स्वरांचे तुकडे.

वेग आठवड्याला ४-५ ने वाढवा. ९० च्या पुढे जायची घाई नको.

कॉर्ड बदलताना अडखळत असाल तर शेवटच्या ठोक्यानंतर हात तिथेच पट्टीवर बसलेला असतो हे कारण. ध वाजला की लगेच उचला. पुढची सम येईपर्यंत पूर्ण एक अर्धमात्रा मोकळी आहे, तेवढ्यात पोचता येतं.

गिटारवाला

उजव्या हाताबद्दलही कोणी लिहा. ब्लूजचा तो "वाकडा" गंधार पियानोवर कसा काढतात? गिटारला तार ओढता येते, पियानोला काय ओढणार?

पेटीकर

ओढता येत नाही म्हणून चिरडतात. कोमल ग आणि शुद्ध ग जवळजवळ एकत्र, कोमल किंचित आधी. कान दोघांच्या मधला सूर ऐकतो. आंदोलित गंधाराची सवय असलेल्या कानाला हे फार ओळखीचं वाटतं, रीत मात्र अगदी वेगळी.

वाजवायचं एकाच बोटाने. काळ्या पट्टीवर तर्जनी ठेवून पुढच्या पांढऱ्या पट्टीवर घसरायचं, घसरताना वरचा प अनामिकेने. दोन वेगळी बोटं वापरलीत तर ती मींड होत नाही, दोन सूर होतात.

आणि इथेच पट्टीची निवड येते. घसरण काळीवरून पांढरीवरच होते, उलट नाही. सी मध्ये कोमल ग काळा, शुद्ध पांढरा : होतं. एफ, जी : होतं. बी फ्लॅट (काळी पाच) आणि ई फ्लॅट (काळी दोन), तिथेही होतं. डी, ए, ई मध्ये कोमल ग पांढरा आणि शुद्ध काळा, म्हणजे बोटाला चढ चढायचा आहे. म्हणून ब्लूज पियानोवाल्यांच्या लाडक्या पट्ट्या सी, एफ, जी आणि दोन फ्लॅटवाल्या. गिटारवाल्यांच्या ई आणि ए, कारण मोकळ्या तारा. एकत्र वाजवायला बसले की पहिली दहा मिनिटं यातच जातात.

गिटारवाला

मग ई मध्ये गाणं असेल तर पियानोवाल्याने काय करायचं?

पेटीकर

कीबोर्ड असेल तर काळी दोनमध्ये वाजवा आणि ट्रान्सपोज बटणाने +१ करा. ऐकू ई येईल, बोटं ई फ्लॅटमध्ये घसरतील. पियानोवाल्याने ई मध्ये घसरण सोडून दोन बोटांनी चिरडायचं. चालतं, पण गुळगुळीत होत नाही.

शेलॅक७८

उजव्या हाताबद्दल भर : यान्सी पियानोच्या मधल्या भागातून फारसा बाहेर जात नाही. एखादा तुकडा घेतला की तो तीन-चार वेळा किंचित फरकाने म्हणतो आणि सोडतो. अ‍ॅमन्ससारखे वरच्या सप्तकातले धबधबे नाहीत. डावा हातही एका आकृतीवर अडून राहत नाही. एकाच फेरीत मधेच बास बदलतो, दोन बार वेगळंच काही करतो, परत येतो. यंत्रासारखं चालणारं बूगी ज्यांना हवंय त्यांना तो "ढिला" वाटतो. मला तर उलट वाटतं. ढिला नाही, त्याला कुठे पोचायची घाई नाही.

ऐकण्याचा क्रम असा सुचवेन : आधी ऑक्टोबर १९३९ चं व्हिक्टरसाठीचं सत्र. "यान्सी स्टॉम्प", "स्टेट स्ट्रीट स्पेशल", "टेल देम अबाउट मी", "फाइव्ह ओ'क्लॉक ब्लूज". मग सप्टेंबर १९४० ची "डेथ लेटर ब्लूज" आणि "क्राइंग इन माय स्लीप". त्यात तो स्वतः गातो. मग १९४३ च्या डिसेंबरची सेशन कंपनीची ध्वनिमुद्रणं, त्यात पत्नी एस्टेल गाते आणि भाऊ अलोन्झोही वेगळा वाजवतो. शेवटी जुलै १९५१ चं अटलांटिकचं सत्र, सोबत बास या वाद्यावर इस्राएल क्रॉस्बी. माणूस आजारी आहे हे माहीत असूनही ऐकताना कळत नाही. त्याआधीचं सोलो आर्टसाठीचं मे १९३९ चं काम बरंचसं तेव्हा बाजारात आलंच नाही, नंतरच्या पुनर्मुद्रणांतून मिळालं. डॉक्युमेंट कंपनीच्या तीन भागांत जवळपास सगळं एकत्र आहे.

नावांकडे लक्ष द्या. "स्टेट स्ट्रीट", "थर्टीफिफ्थ अँड डिअरबॉर्न" हे साउथ साइडचे पत्तेच आहेत. कोमिस्की पार्कही पस्तिसाव्या रस्त्यावरच. नोकरी आणि पार्ट्या, सगळं चालत जाण्याच्या अंतरात.

नवशिका_६१

पत्नीचं नाव काही ठिकाणी "मामा यान्सी" असं दिसतं.

साउथसाइड

हो, आपला मामा नव्हे, आई या अर्थाने. एस्टेल "मामा" यान्सी. आवाज मोठा नाही, पण ओळ उशिरा सुरू करायची आणि बरोबर वेळेत पूर्ण करायची ही तिची खासियत. १९४८ मध्ये दोघांनी कार्नेगी हॉलला कार्यक्रम केला. नवरा गेल्यावर ती थांबली नाही. १९६१ मध्ये पियानोवादक लिटल ब्रदर मॉन्टगोमरीबरोबर, १९६५ मध्ये आर्ट होड्सबरोबर, आणि १९८३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, शिकागोच्या अर्विन हेल्फरबरोबर तिच्या रेकॉर्ड निघाल्या. ती १९८६ मध्ये गेली. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची पहिली यादी आली आणि "आरंभीचे प्रभाव" या गटात तीन नावं होती : रॉबर्ट जॉन्सन, जिमी रॉजर्स (कंट्रीवाला) आणि जिमी यान्सी.

कायद्याचा_किडा

प्रभावाचा विषय निघालाच आहे तर त्यावर प्रत्यक्ष कोर्टात काय झालं ते सांगतो, कारण हा खटला संगीतवाल्यांपेक्षा वकिलांनाच जास्त माहीत असतो.

मीड लक्स लुईसने १९३६ मध्ये "यान्सी स्पेशल" रेकॉर्ड केलं. नावातच कबुली आहे. १९३८ मध्ये बॉब क्रॉस्बीच्या बँडनेही ते घेतलं आणि ते चांगलंच पसरलं. १९४८ मध्ये शिकागोच्या मिरॅकल कंपनीची सनी थॉम्पसनची "लाँग गॉन" ही रेकॉर्ड तुफान चालली. "यान्सी स्पेशल"चे हक्क असलेल्या प्रकाशकाने दावा लावला की बास चोरला. १९५० मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. कारणं तीन : बास लुईसचा नव्हेच, यान्सीचा. बास इतका साधा की त्याला कॉपीराइट मिळण्याजोगं त्यात काही नाही. आणि रेकॉर्ड बाजारात विकून रचना आधीच लोकांसमोर टाकून दिलेली.

म्हणजे ज्याचा बास त्याचं नाव निकालात आलं, आणि त्याच निकालाने तो बास कोणाचाच नाही असंही ठरलं. यान्सीला यातून छदाम मिळायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या मुद्द्याने पुढे अनेक दशकं गोंधळ घातला, कारण त्या न्यायाने जुन्या ब्लूज आणि जॅझच्या असंख्य रचना एका फटक्यात उघड्या पडत होत्या. १९९७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली : १९७८ पूर्वी रेकॉर्ड विकली म्हणजे तिच्यातली रचना प्रकाशित झाली असं धरायचं नाही.

डावरा

"इतका साधा" हे न्यायाधीशांचं म्हणणं कागदावर खरं आहे. तीन स्वर आणि रिकाम्या जागा. फक्त तो तसा वाजवून दाखवायचा.

शेलॅक७८

एक दुरुस्ती नाही, भर. यान्सी मागे राहिला याचं कारण केवळ नोकरी असं लिहिलं जातं. तारखा बघा. २३ डिसेंबर १९३८ ला रेकॉर्ड-निर्माता जॉन हॅमंडने कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम केला, त्यात अ‍ॅमन्स, लुईस आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन. तिथून बूगीची लाट सुरू. पुढच्याच महिन्यात, ६ जानेवारी १९३९ ला, ब्लू नोट कंपनीचं पहिलंवहिलं सत्र झालं तेही अ‍ॅमन्स आणि लुईसचंच. यान्सी त्या मंचावर नव्हता. पण चार-पाच महिन्यांत रेकॉर्डवाले त्याला शोधत आले ते या दोघांमुळे, कारण दोघेही त्याचं नाव घेत होते. नाहीतर १९३९ मध्ये चाळिशीच्या माणसाची पहिली रेकॉर्ड कोण काढणार होतं?

लाट होती वेगाची, नाचायची. १९४५ च्या आसपास ती ओसरली तेव्हा वेगवाले थकले होते. यान्सीला ओसरायला काही नव्हतं, तो त्या लाटेवर कधी बसलाच नव्हता.

नवशिका_६१

अजून दोन व्यावहारिक प्रश्न. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेल का? आणि पॅडल वापरायचं का?

पेटीकर

पुरेल. सर्वांत डावीकडचा सी हाच तुमचा तळ. त्याच्या खाली यान्सी शिकताना गरज पडणार नाही. आघात ओळखणारा आहे ना एवढं बघा : एकच पट्टी हळू आणि जोरात दाबून फरक ऐका. ऑटो अकंपनिमेंट बंद, रिदम बंद, आवाज साध्या पियानोचा. "हाँकी टाँक" नावाचा आवाज असतो त्याला भुलू नका, त्यात सूर मुद्दाम फाटलेले असतात आणि चिरडलेला गंधार नीट ऐकूच येत नाही.

पॅडल नाही. डाव्या हातातल्या रिकाम्या जागा हाच बास आहे. पॅडलने त्या भरल्या की ३+३+२ चा गाळ होतो. फार तर फेरीच्या शेवटच्या कॉर्डला अर्धा क्षण.

अजून एक. डावा हात उजव्यापेक्षा मोठा वाजतो ही सर्वसाधारण तक्रार. अंगठ्याचं वजन त्याचं कारण. ध अंगठ्याने येतो आणि तोच सर्वांत जोरात पडतो. आठवडाभर अंगठा मुद्दाम पट्टीला चिकटवूनच दाबा, वरून मारू नका. मनगट पट्ट्यांच्या पातळीत. दुखायला लागलं तर थांबा, "सरावाने जाईल" यातलं ते दुखणं नसतं.

गिटारवाला

आणि ती तीनात विभागलेली झुलती लय? सगळे म्हणतात बूगी झुलतं.

डावरा

प्रत्येक मात्रेत "तकिट" म्हणा आणि "त" व "ट" वर वाजवा, "कि" सोडा. तो झोल. चालत्या बासला (सा ग प ध, कोमल नी, ध प ग) हे लागू. बोटं : करंगळी, मधलं, तर्जनी, अंगठा, मग तर्जनी अंगठ्यावरून ओलांडून कोमल नीवर, आणि तसंच परत. वेग वाढला की झोल आपोआप सपाट होत जातो, तो मुद्दाम धरून ठेवू नका, नाहीतर टांगा चालल्यासारखं वाटतं.

३+३+२ ला मात्र आधी अर्धमात्रा सारख्या ठेवूनच बसवा. सुरुवातीलाच झोल घातला तर चौथ्या जागेचा ठोका उशिरा सरकतो आणि गट मोजता येत नाहीत. बसल्यावर उजवा हात झुलू दे, डाव्याला त्याची लागण आपोआप होते.

नवशिका_६१

आता काळी दोनचा शेवट. सी मध्ये वाजवतोय. तिथून ई फ्लॅटवर उडी मारली की ऐकायला अपघात झाल्यासारखं वाटतं.

साउथसाइड

कारण दोन्ही हात एकदम उचलून टाकताय. आधीच्या कॉर्डमधला एक सूर पुढच्यातही असतो, तो धरून ठेवायचा.

सी मधून : जी हा सूर दोघांतही आहे. उजव्याच्या करंगळीने जी धरा, बाकी बोटं बदला.
जी मधून : जी च. तिथे तो सा होता, इथे तोच ग होतो.
काळी पाच, म्हणजे बी फ्लॅटमधून : बी फ्लॅट. ई फ्लॅट हा तर तिथला घरचाच म कॉर्ड, कोणाला फारसं खटकतही नाही.
एफ मधून : साध्या एफ कॉर्डमध्ये समान सूर नाही, म्हणून शेवटच्या बारमध्ये एफचा कोमल नी घाला. तो ई फ्लॅटच आहे. पुढे तोच सा.

जागा : बाराव्या बारची पहिली मात्रा नेहमीसारखी, दुसरी-तिसरी मात्रा डावा गप्प, चौथ्यावर ई फ्लॅट, हळू. जोरात वाजवलात की विनोद होतो. डाव्याला फक्त खालचा ई फ्लॅट आणि त्यावरचा बी फ्लॅट पुरे, खालच्या सप्तकात तीन सूर एकत्र दाबले की घुमतं.

वेग कमी करत करत तिथे जाऊ नका. लय तशीच, बास थांबला एवढंच.

पेटीकर

आणि मूळ वादनच काळी दोनमध्ये असेल तर?

साउथसाइड

तर काही करू नका मास्तर, घरीच आहात.